चाळीस सेकंदांचा हुकूम

"घड्याळाला सेल तरी बदलावा लागतो, मला तोही लागत नाही," असं राजमतीबाई मगदूम अभिमानाने सांगत. त्यांचं वेळापत्रक फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं होतं आणि त्यात खाडाखोड नव्हती. बालवाडीत एकतीस वर्षं शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आज कोल्हापुरात डॉक्टर होती, वकील होती. धैर्यशील नावाचा एकजण तर फौजदार झाला होता, आणि भर चौकात बाई दिसल्या की हा फौजदार अजून हाताची घडी घालून उभा राहायचा.

त्या वेळापत्रकातली शेवटची ओळ मात्र नवी होती. ती लिहिताना बाईंनी पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता. सतरा वर्षं तिथे 'आठ वाजता टीव्ही' असं होतं. आता 'साडेसहा वाजता टीव्ही' झालं होतं.

टीव्ही म्हणजे एकच कार्यक्रम. त्याचं नाव 'विचार करून सांगा'. उदयसिंह नावाचे पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ खुर्चीत बसून प्रश्न विचारायचे. समोर दोन स्पर्धक, त्यांच्या हातात पाटी आणि पेन्सिल. प्रश्न झाला की चाळीस सेकंद कुणी बोलायचं नाही. उदयसिंहसुद्धा नाही. नुसता पेन्सिलीचा खरखर आवाज. चाळीस सेकंद झाले की पाट्या वर. कल्लाप्पा, म्हणजे बाईंचे यजमान, पहिल्या भागाच्या वेळी टीव्हीला थापटून आले होते. त्यांना वाटलं, आवाज गेला.

बाईंना त्या चाळीस सेकंदांसाठीच हा कार्यक्रम प्रिय होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: मुलाला प्रश्न विचारून झाल्यावर मोठ्या माणसाने आपलं तोंड मिटावं, उत्तर आपोआप येतं. उत्तर येत नाही ते मुलामुळे नाही, मोठ्या माणसाला दम नसतो म्हणून. त्यामुळे कॉलनीतली चार-पाच मुलं रोज पाट्या घेऊन बाईंच्या हॉलमध्ये बसायची आणि टीव्हीबरोबर उत्तरं लिहायची.

त्यात स्वप्नाली होती. सात वर्षांची, शेजारच्या चिमणाबाईंची नात. ही पोरगी पंधरा सेकंद नुसती छताकडे बघायची, दहा सेकंद पाटी पुसायची, मग एकेक अक्षर असं काढायची जणू रांगोळीच घालते आहे. एकोणचाळिसाव्या सेकंदाला पाटी वर यायची आणि उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं. शाळेत तिला मठ्ठ म्हणत. बाईंच्या हॉलमध्ये ती पहिली यायची.

यंदाच्या मार्चमध्ये वाहिनीने कार्यक्रमाचं 'नवं रूप' आणलं. उदयसिंह गेले. त्यांच्या जागी विश्वजित नावाचा तरुण आला, तो प्रश्न विचारता विचारता नाचायचा. पाटी गेली, काचेची चकचकीत पाटी आली, तिच्यावर बोट लावलं की ठिणग्या उडायच्या. कार्यक्रम थेट प्रक्षेपित होऊ लागला आणि वेळ साडेसहाची झाली. हे सगळं बाईंनी गिळलं असतं. पण चाळीस सेकंदांचे दहा झाले. त्या दहा सेकंदांतही ढोल वाजायचा. आणि कार्यक्रमाचं नाव बदलून 'पटकन सांगा' ठेवलं.

"सतरा वर्षं विचार करून सांगा म्हणाले," बाई म्हणाल्या. "आता काय विचार संपला?"

मुलं लिहायची बंद झाली आणि ओरडायला लागली. जो मोठ्याने ओरडेल तो जिंकला. स्वप्नालीने तीन दिवस प्रयत्न केला. तिचं पहिलं अक्षर होईपर्यंत विश्वजित पुढच्या प्रश्नावर नाचत गेलेला असायचा. चौथ्या दिवशी तिने पाटी पालथी घातली आणि ती पुन्हा उलटली नाही. "मला नाय येत, बाई," एवढंच म्हणाली. बाईंना रात्रभर झोप लागली नाही.

त्यांनी वाहिनीला सहा पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. शेवटी त्यांची सून ऐश्वर्या म्हणाली, "आत्ती, आता पत्रं कोण वाचतंय? त्यांनी नवीन काढलंय, प्रेक्षकांचा हुकूम म्हणून. मोबाईलवर नाव नोंदवायचं. रोज एका घरी त्यांचा फोन येतो. तीन प्रश्न, दोन बरोबर आले की तुम्ही हुकूम सोडायचा. कार्यक्रमातली जुनी एक गोष्ट ते परत आणतात."

"कुठलीही?"

"कुठलीही. परवा एका सांगलीच्या काकांनी जुनी सुरुवातीची धून परत आणायला लावली."

बाईंनी त्याच मिनिटाला नाव नोंदवून घेतलं. "एकदा फोन येऊ दे," त्या म्हणाल्या. "चाळीस सेकंद परत आणते की नाही बघा. सतरा वर्षांत माझं उत्तर चुकलेलं नाही."

हे खरंच होतं. अडचण उत्तराची नव्हतीच.

अडचण अशी होती की मागच्या उन्हाळ्यात एक जैन माताजी पायी विहार करत कोल्हापुरात आल्या होत्या आणि बाईंनी त्यांच्यापुढे एक वर्षाचा नियम घेतला होता. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, हे तर त्या लहानपणापासून पाळत होत्या. त्यात आता भर पडली होती ती मौनाची. ताटावर बसल्यापासून उठेपर्यंत एक शब्द नाही. बोललं तर नियम मोडला. (माताजींना ही कल्पना कल्लाप्पांनीच सुचवली असं चिमणाबाई सांगत. कल्लाप्पा ते नाकारत, पण फार जोरात नाही.)

हवं-नको डाव्या हाताच्या खुणेने सांगायची तेवढी मुभा होती. वर्षभरात त्या घरात खुणांची एक भाषाच तयार झाली होती. उघडा पंजा म्हणजे बास. एक बोट म्हणजे आणखी एक वाढा. चिमूट म्हणजे मीठ. बोट रोखलं की तो पदार्थ. आणि पंजा जोरजोरात हलवला की अजिबात नको. कल्लाप्पांना या भाषेचा फार अभिमान होता. "पोलिसांचा वायरलेस पण इतका साफ न्हाय," ते म्हणत.

नियमाचं वर्ष पुरं व्हायला नऊ दिवस राहिले होते.

आता कुणी म्हणेल, साडेपाचला जेवण, साडेसहाला टीव्ही, मध्ये चांगला तासभर. मग बिघडलं कुठे? बाईंचंही हेच म्हणणं होतं. बिघडलं गिरणीत.

त्या बुधवारी दुपारी चारला कल्लाप्पा ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत गेले. डबा ठेवला आणि लाइट गेली. शहाण्या माणसाने डबा उचलून दुसऱ्या गिरणीत जावं. कल्लाप्पा समोरच्या हॉटेलात गेले. बाईंच्या घरात कांदा येत नसे, त्यामुळे कांद्याची आणि कल्लाप्पांची भेट घराबाहेरच व्हायची. ही भेट जरा लांबली. लाइट आली, दळण झालं, आणि पीठ घरी पोचलं तेव्हा सव्वासहा वाजले होते.

"गिरणीत गर्दी," कल्लाप्पा म्हणाले.

"गर्दीला मिसळीचा वास येतोय," बाई म्हणाल्या आणि तव्याकडे वळल्या.

त्या दिवशी सूर्यास्त सहा अठ्ठावन्नला होता. बाईंनी मनात गणित केलं. भाकरी व्हायला वीस मिनिटं, जेवायला वीस, पाणी पिऊन तीन मिनिटं उरतात. सहा पस्तीसला त्या हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधल्या उंबऱ्याजवळ ताट घेऊन बसल्या, म्हणजे टीव्हीही दिसावा. मौन तोंडाचं होतं, डोळ्यांचं आणि कानांचं नव्हतं.

हॉलमध्ये मुलं बसली होती. स्वप्नाली कोपऱ्यात, पाटी पालथी. चिमणाबाई सोफ्यावर, कारण त्यांच्या घरच्या टीव्हीवर मुलगा क्रिकेट बघत होता. ऐश्वर्या आत भाकरी थापत होती. कल्लाप्पा पोट भरलेलं असल्यामुळे मोकळे होते, आणि मोकळा माणूस हा घरातला सगळ्यात धोक्याचा माणूस असतो.

सहा त्रेचाळीसला बाईंचा मोबाईल वाजला. तो टीपॉयवर होता. कल्लाप्पांनी तो उचलला, कानाला लावला, मग सवयीप्रमाणे स्पीकरवर टाकला.

"नमस्कार! पटकन सांगा! मी विश्वजित बोलतोय, राजमती मगदूम आहेत का?"

बाईंच्या हातातला घास वाटेतच थांबला.

"हायेत की," कल्लाप्पा म्हणाले. "समोरच बसल्यात."

"मग द्या त्यांना पटकन."

"त्या बोलणार न्हाईत."

"रागावल्या आहेत का आमच्यावर?"

"रागावल्यात ते वेगळं. पण आत्ता जेवायलीया."

मुंबईच्या स्टुडिओत हशा झाला. सात-आठ सेकंदांनी तोच हशा टीव्हीतही झाला, कारण टीव्हीतला विश्वजित फोनमधल्या विश्वजितच्या मागून चालत होता. चिमणाबाईंना हे ठाऊक नव्हतं. त्या कल्लाप्पांना म्हणाल्या, "अण्णा, टीव्हीतल्या पोराला पण सांगा की, त्याला अजून कळालं न्हाय."

कल्लाप्पांनी मौनाचा नियम समजावून सांगितला. विश्वजितला तो फारच आवडला. "मग असं करू या काका, आजी खुणा करतील आणि तुम्ही आम्हाला सांगा. चालेल?"

"चालंल म्हणजे?" कल्लाप्पा ताठ बसले. "वर्षभर तेच तर करतोय."

बाईंनी डोळे मिटले. उठावं तर ताट टाकून उठावं लागेल. बोलावं तर तीनशे छप्पन दिवसांवर पाणी. आणि फोन ठेवावा तर हा फोन पुन्हा कधी येणार? कोपऱ्यात स्वप्नालीने मान वर केली होती. ती फोनकडे बघत होती. बाईंनी डोळे उघडले, डावा हात पदराला पुसला आणि मान हलवली.

"पहिला प्रश्न," विश्वजित म्हणाला. "मधमाशीला पाय किती? दहा सेकंद!" ढोल सुरू झाला.

सोपा प्रश्न. सहा. पण उजवा हात भाकरीचा, खरकटा. उरला डावा, आणि डाव्या हाताला बोटं पाच. बाईंनी आधी पाचही बोटं उघडून दाखवली, मग एक.

"बास म्हणतीया," कल्लाप्पा म्हणाले. मग एक बोट बघून, "न्हाय न्हाय, थांबा. ऐश्वर्या, आणखी एक भाकरी आण गं."

"काका, उत्तर?"

"आधी बास म्हणाली, मग एक म्हणाली."

"पाच दाखवली तिनं, मग एक," चिमणाबाईंनी सोफ्यावरून सुचवलं. "एकावन्न आसंल."

"एकावन्न पाय? मधमाशीला?" विश्वजितला हसू आवरेना. "वेळ संपली. उत्तर होतं सहा."

"मग तेच तर दाखवलं की," चिमणाबाई म्हणाल्या. "पाच आन् एक."

ऐश्वर्याने गरम भाकरी बाईंच्या ताटात टाकली. बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की ती न विचारता आत गेली. आता उरलेले दोन्ही प्रश्न बरोबर यायला हवे होते.

"दुसरा प्रश्न. इंद्रधनुष्यात सगळ्यात वरचा रंग कोणता?"

यावेळी बाईंना बोटं मोजायची नव्हती. ताटात लाल मिरचीची चटणी होती. त्यांनी चटणीवर बोट रोखलं आणि कल्लाप्पांकडे बघितलं. मग पुन्हा बोट रोखलं, जोर देऊन.

कल्लाप्पांना ही खूण पाठ होती. "अगं ऐश्वर्या," त्यांनी फोन हातात धरूनच हाक मारली, "ती तांबडी आण जरा."

"तांबडा!" विश्वजित ओरडला. "एकदम बरोबर उत्तर!"

कल्लाप्पांनी फोनकडे बघितलं, चटणीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजाडलं. "व्हय की," ते म्हणाले. "ती उत्तरं देतीया. मी आपलं वाढायच्या नादात."

राजमतीबाईंनी पहिल्यांदाच समाधानाने मान हलवली. पण हे समजणंच पुढे नडणार होतं. कारण इतका वेळ कल्लाप्पा प्रत्येक खुणेचा अर्थ जेवणात शोधत होते; आता ते जेवण सोडून बाकी सगळीकडे शोधायला लागले.

"तिसरा आणि शेवटचा. समुद्राचं पाणी खारट कशामुळे लागतं? त्यात मुख्यतः काय विरघळलेलं असतं? पटकन!"

बाईंना हायसं वाटलं. खूण तयार होती, वर्षभर वापरातली. त्यांनी चिमूट केली.

"चिमूट," कल्लाप्पा कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "आता ही मिठाची खूण. पण ती काय आता जेवणाचं मागत न्हाय. म्हणजे मीठ नसणार."

बाईंनी चिमूट पुढे केली. ताटावर झटकली. पुन्हा झटकली.

"चिमूट... चिमटीत काय धरत्यात? राख?"

"मिश्री," चिमणाबाई म्हणाल्या. त्या स्वतः सकाळ-संध्याकाळ लावत.

"समुद्रात मिश्री कोण टाकंल?"

"मग तपकीर आसंल."

"सहा सेकंद, काका."

"जरा थांबा. रांगोळी? हळद-कुंकू?"

बाईंनी चिमूट आता डोक्याच्या वर धरली. तेवढ्यात ऐश्वर्याने स्वयंपाकघराच्या दारातून डोकं काढलं, सासूची चिमूट बघितली, आणि मिठाची बरणी घेऊन तरातरा बाहेर आली. तिला समुद्राचं काहीच ठाऊक नव्हतं.

"मीठ घ्या, आत्ती. मामांना कधीपासून खूण करताय, त्यांचं लक्षच नाही."

"मीठ!" विश्वजितने ओरडून ढोल थांबवला. "बरोबर! तीनपैकी दोन! आजी, तुम्ही जिंकलात!"

हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. चिमणाबाईंनी टीव्हीवरचा विश्वजित ओरडेपर्यंत वाट बघितली आणि मग दुसऱ्यांदा टाळ्या वाजवल्या. सहा एक्कावन्न झाले होते. बाईंच्या ताटात अर्धी भाकरी आणि थोडा भात राहिला होता.

"आजी, आता तुमचा हुकूम," विश्वजित म्हणाला. "सतरा वर्षांतली कुठली गोष्ट परत आणू? सांगा पटकन, दहा सेकंद!"

बाईंनी हे वाक्य दोन महिने मनात घोळवलं होतं. 'मुलांना विचार करायला चाळीस सेकंद परत द्या.' इतकं सरळ वाक्य, आणि आता ते एका डाव्या हातात बसवायचं होतं. चार बोटं आणि शून्य? कल्लाप्पा चार भाकऱ्या मागवतील. घड्याळाकडे बोट? घड्याळ मागतील. मग त्यांना आठवलं, एकतीस वर्षं वर्गात पोरांनी घाई केली की आपण एकच खूण करायचो. हात वर, पंजा उघडा. थांबा, घाई नको, विचार करा. अख्ख्या बालवाडीला कळायची ती खूण.

त्यांनी डावा हात वर केला आणि पंजा उघडला.

हॉलमधली सगळी मुलं ताबडतोब गप्प बसली. त्यांना कळलं होतं.

कल्लाप्पांनाही कळलं होतं. इतकी ओळखीची खूण त्या संध्याकाळी दुसरी झालीच नव्हती. "बास म्हणतीया," त्यांनी ठणकावून सांगितलं.

"बास म्हणजे?"

"बास म्हणजे बास. आता पुरे. बंद करा म्हणतीया."

"काय बंद करायचं, काका?"

"तुमचा कार्यक्रम."

तो नाचरा तरुण मार्चपासून पहिल्यांदाच गप्प झाला होता. "नक्की?" त्याने विचारलं. "कार्यक्रमच बंद करायचा? एकदा आजींना विचारता का?"

बाईंनी घास ताटात टाकला आणि पंजा जोरजोरात हलवला. नाही, नाही, तसं नाही, अजिबात नाही.

"अजिबात नको म्हणतीया," कल्लाप्पा म्हणाले. "कायमचा बंद करा म्हणतीया. लई चिडलीया बघा, हात कसा हलवायलीया."

"बरं," विश्वजित म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "आपण... आपण एका छोट्या विश्रांतीनंतर भेटू या." फोन कट झाला.

कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला. स्वप्नाली उभी राहिली होती. "अण्णा आजोबा," ती म्हणाली, आणि थांबली. शब्द जुळवले. "ते बास न्हवतं." पुन्हा थांबली. "बाई म्हनत हुत्या... थांबा. विचार करू द्या."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मग फोनकडे. टीव्हीत तेवढ्यात कल्लाप्पांचा आवाज आला: "कायमचा बंद करा म्हणतीया."

बाईंनी उरलेली अर्धी भाकरी खाल्ली. भात खाल्ला. पाणी प्यायल्या. घड्याळात सहा छप्पन झाले होते. हात धुतले, णमोकार मंत्र म्हटला, आणि मग इतक्या हळू आवाजात बोलल्या की कल्लाप्पा दोन पावलं मागे सरकले.

"अहो, वर्षभर तुम्ही मला जे जे वाढायला लावलंत, त्यातलं मी मागितलेलं किती होतं?"

कल्लाप्पांनी विचार केला. "आता ते मला तरी कसं कळणार?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिरात बाईंना पंधरा जणांनी थांबवलं. तो तुकडा रात्रीत सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला होता. त्याच्यावर कुणीतरी लिहिलं होतं, 'कोल्हापूरच्या आजींचा दणका'. कोल्हापूरला दणका फार आवडतो. दूधवाला म्हणाला, "बाई, रोखठोक बोललासा." बाईंनी सांगायचा प्रयत्न केला की त्या बोलल्याच नव्हत्या. तो म्हणाला, "तेच की. न बोलता बंद पाडलं."

दुपारपासून अर्ज यायला लागले. मागच्या गल्लीतली एक सून आली. तिची सासू एक मालिका दिवसातून तीनदा बघायची, ती बाईंनी बंद पाडावी अशी तिची इच्छा होती. एक गृहस्थ मंगल कार्यालयाच्या लाउडस्पीकरबद्दल बोलायला आले. धैर्यशील फौजदाराने फोन केला. "बाई, अभिनंदन. आपण चौकात एकदा पंजा दाखवाल का? सिग्नल कुणीच पाळत नाही."

बाईंना यातलं काहीच नको होतं. त्या दुपारी त्यांनी सातवं पत्र लिहायला घेतलं आणि पहिल्या ओळीवरच अडकल्या, कारण 'मी आपला कार्यक्रम बंद करा असे म्हटले नव्हते' हे वाक्य कसंही लिहिलं तरी खोटं वाटत होतं. चिमणाबाईंनी सांगितलं की कालपासून स्वप्नाली जेवताना पण बोललेली नाही. माझ्यामुळं बाईंचा कार्यक्रम गेला, असं तिला वाटत होतं. लवकर सांगितलं असतं तर वाचला असता.

हे ऐकल्यावर बाईंनी पत्र फाडलं. त्यांनी फोन हातात घेतला आणि वाहिनीच्या कार्यालयाचा नंबर लावला. तो लागला नाही. पुन्हा लावला. शनिवारी सकाळी अकरापर्यंत त्यांनी तो बेचाळीस वेळा लावला होता. त्रेचाळिसाव्या वेळी लावणार तोच पलीकडूनच फोन आला.

"राजमती मॅडम? मी प्रियदर्शनी, कार्यक्रमाच्या टीममधून. मॅडम, हुकूम म्हणजे हुकूम, आम्ही मानतो. पण कार्यक्रम बंद नाही करता येणार, पुढच्या सप्टेंबरपर्यंतच्या जाहिराती घेतल्यात आम्ही."

"बाळ, तू आधी श्वास घे," बाई म्हणाल्या. "आणि मी काय सांगते ते मध्ये न बोलता ऐक."

मग त्या अकरा मिनिटं बोलल्या. स्वप्नालीचं सांगितलं. छताकडे बघायचे पंधरा सेकंद सांगितले, पाटी पुसायचे दहा सांगितले. पालथ्या पाटीचं सांगितलं. पलीकडची मुलगी खरोखरच मध्ये एकदाही बोलली नाही. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, मी पण तशीच होते. बघते काय होतं ते."

सोमवारी साडेसहाला हॉल भरला होता. जेवण साडेपाचलाच उरकलं होतं, कारण दळण आदल्या दिवशीच आणलं होतं आणि ते आणायला ऐश्वर्या गेली होती. टीव्हीवर विश्वजित आला. नाचला नाही. "कोल्हापूरच्या आजींच्या हुकमावरून," तो म्हणाला, "आजपासून प्रत्येक खेळातल्या एका प्रश्नाला विचार करायला पूर्ण चाळीस सेकंद."

टाळ्या झाल्या. कल्लाप्पांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. "बघ, माझ्यामुळंच झालं शेवटी," ते म्हणाले. बाई स्वप्नालीकडे बघत होत्या. पोरीने पाटी सरळ केली होती आणि पेन्सिल थुंकीने ओली करत होती. एरवी बाई यावर ओरडल्या असत्या.

विश्वजितने प्रश्न विचारला. चांगला लांबलचक होता. "तुमचे चाळीस सेकंद," तो म्हणाला, "सुरू."

आणि पडद्यावर जाहिरात लागली.

एका मसाल्याची, मग एका पाचक गोळीची, मग पुन्हा मसाल्याची. बाईंनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला. मसाला मुक्याने उकळू लागला. हॉलमध्ये पेन्सिलींचा खरखर आवाज सुरू झाला. बाईंना वाटलं, हेच तर हवं होतं. हेच. त्यांचे डोळे जरा भरून आले.

"वेळ संपली," त्या म्हणाल्या. "पाट्या वर."

एका पाटीवर मसाल्याचं नाव होतं. एकीवर पाचक गोळीचं. दोन कोऱ्या होत्या.

"अरे, हे काय? प्रश्न काय होता?" बाईंनी विचारलं.

मुलांनी एकमेकांकडे बघितलं. कल्लाप्पांनी चिमणाबाईंकडे बघितलं. चिमणाबाई म्हणाल्या, "मसाल्याचंच कायतरी हुतं न्हवं?"

मग सगळ्यांनी बाईंकडे बघितलं. सतरा वर्षांत ज्यांचं उत्तर चुकलं नव्हतं त्या राजमतीबाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की त्यांनाही आठवत नव्हतं. त्या डोळे भरून घेण्यात गुंतल्या होत्या.

कोपऱ्यातून शेवटची पाटी सावकाश वर आली. स्वप्नालीची. तिच्यावर वळणदार अक्षरात, काना-मात्रा न चुकता, विश्वजितने विचारलेला अख्खा प्रश्न लिहिलेला होता.

"शाबास," बाई म्हणाल्या. "बघा, हिला आठवतंय. बाळ, आणि उत्तर?"

स्वप्नाली छताकडे बघू लागली.

"उत्तराला अजून चाळीस पायजेत, बाई," ती म्हणाली.